‘भल्यासाठीच मारलं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात नेलकरंजी नावाचं गाव आहे. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवलेली, बारावीत शिकणारी तिथली एक मुलगी जून 2025 मध्ये मेली. ‘नीट’च्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापाने केलेल्या मारहाणीत ती गेली, अशी फिर्याद खुद्द तिच्या आईने दिली. मारायला जात्याचा लाकडी खुंटा वापरला, असं बातम्यांत आलं. बाप शाळेचा मुख्याध्यापक. रात्री मारहाण झाली आणि सकाळी तो 21 जूनचा योग दिन साजरा करायला शाळेत गेला, असंही आलं. त्याला अटक झाली, कोर्टापुढे उभं केलं, पोलीस कोठडी मिळाली. त्याच्यावरचे आरोप खरे की खोटे हे ठरवायचं काम कोर्टाचं आहे आणि ते कोर्टानेच करावं. मला बोलायचं आहे ते अशा बातमीनंतर दर वेळी उठणाऱ्या एका मताबद्दल. हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला, आपल्याकडची हजारो मुलं ज्या नांदेड-लातूरच्या क्लासांना जातात तिथे त्यांना सोडायला आलेल्या आईबापांत ते मत सर्रास ऐकू येतं, आणि ते ऐकून संताप येतो.

ते मत असं. मारणं चूक, पण बापाचा हेतू वाईट नव्हता. पोरीचं भलं व्हावं म्हणूनच तो पेटला, हात जरा जास्त लागला. आमच्याही पाठीवर वळ उठले, म्हणून तर आम्ही दोन अक्षरं शिकलो. मायबाप आणि लेकरू यांच्या मधे पोलीस, वकील, कोर्ट कशाला? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे तर पोटचं लेकरूच बापाला ती पायरी चढायला लावतं. लेकराचं काय, शिकवाल तसं बोलतं. आणि एकदा बाप आत गेला की घर उघड्यावर पडतं, मग त्या लेकराला काय सरकार सांभाळणार आहे? हे मत अडाण्यांचं आहे असं कुणी समजू नये. शाळेतल्या स्टाफरूममध्ये, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत, ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी हेच बोललं जातं. ज्यांनी लेकराचं गाऱ्हाणं आधी ऐकायचं, त्यांचं मन आधीच बापाकडे कललेलं असतं, म्हणून हे मत घातक आहे.

हेतूपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये मेळघाटातली बातमी आली. 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे 65 चटके. तिकडे याला डंबा म्हणतात. आजारी बाळ बरं व्हावं म्हणून तो देतात. त्या घरातल्या माणसांच्या मायेबद्दल कुणी शंका घेणार नाही. बाळ जगावं एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्या मायेने 65 पैकी एका तरी डागाची आग कमी झाली का? हेतू मारणाऱ्याच्या मनात राहतो, वेदना लेकराच्या अंगात राहते, आणि एकाच्या मनातल्या गोष्टीने दुसऱ्याच्या अंगावरची जखम पुसली जात नाही. इंग्लंडमधल्या वोकिंग गावात ऑगस्ट 2023 मध्ये दहा वर्षांच्या एका मुलीचा मृतदेह घरात सापडला. बाप पाकिस्तानात निघून गेला होता आणि त्याने तिथूनच पोलिसांना फोन केला. मी तिला कायदेशीर शिक्षा केली आणि ती मेली, असं तो सांगत होता. मुलीच्या शरीरात 25 ठिकाणी हाडं मोडलेली होती. डिसेंबर 2024 मध्ये कोर्टाने त्याला जन्मठेप दिली, किमान 40 वर्षं तुरुंगात काढायची अट घालून. सावत्र आईलाही जन्मठेप झाली. माणूस एवढं करूनही शिक्षा हाच शब्द वापरतो, कारण घरात हात उगारणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द आयता मिळालेला असतो. आपल्याकडे त्याच जागी ‘वळण लावणं’ बसतं.

यावर कुणी म्हणेल, ही टोकाची उदाहरणं आहेत. बरं, मग आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं रोजचं उदाहरण घेऊ. ऊसतोडीच्या हंगामाआधी घाईघाईने उरकलेली लग्नं इथे कुणाला नवी आहेत? नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते, आणि वयात आलेली पोरगी सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची ही काळजी खरी असते. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी तिला उजवतात. विचारलं तर उत्तर तेच मिळतं, तिच्या भल्यासाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019 ते 2021 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळजवळ 22 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ज्या परभणीतून 1 मे 1999 ला आपला जिल्हा वेगळा झाला, तिथे हे प्रमाण 48 टक्के होतं. म्हणजे जवळपास दर दोघींत एक. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असं लग्न लावणाऱ्या, होऊ देणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. कायदा करणाऱ्यांना आईबापाची काळजी माहीत नव्हती का? नक्कीच माहीत होती. तरीही त्या काळजीचा भार चौदा वर्षांच्या पोरीच्या गर्भाशयावर टाकता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. मारहाणीच्या बाबतीत हाच न्याय लावायला आपण का कचरतो?

कचरण्यामागे कायद्यातलीच एक फट आहे, आणि ती सांगायला हवी. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 89 होतं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने, किंवा पालकाच्या संमतीने दुसऱ्या कुणी, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असं ते सांगत होतं. जीव घेणं आणि गंभीर दुखापत त्यातून वगळली होती, पण चापट, छडी, पट्टा यांना त्या कलमाच्या आडोशाला जागा मिळाली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. वसाहतीच्या काळातले कायदे मोडीत काढले अशी मोठी घोषणा झाली. त्या नव्या संहितेत हेच कलम 27 क्रमांकाने जसंच्या तसं बसलं आहे. इंग्रजांचा कायदा म्हणून बाकी पुष्कळ काही बदललं, पण लेकराच्या पाठीवरचा पालकाचा हक्क तेवढा राखून ठेवला. लहानाला पकडून इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला, ऑपरेशनला संमती देणाऱ्या आईला संरक्षण हवंच. कलम त्यासाठी असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि मारहाण त्यातून बाहेर काढा. तेवढं एक वाक्य घालायला संसदेला काय जड आहे?

दुसरं म्हणणं, आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो. हे सांगणारे सगळे जण घडलेलेच असतात, कारण जे मोडले त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावत नाही. मार खाऊन शाळा सोडलेलं, घरातून पळून परभणी किंवा पूर्णा स्टेशनवरून मिळेल त्या गाडीत बसलेलं, सोळाव्या वर्षी दारूला लागलेलं पोर आपला अनुभव लिहायला येत नाही. शिवाय घडलेल्या माणसाने मारामुळे घडलो हे कशावरून ठरवलं? त्याला शिकवणारा एखादा चांगला मास्तर असेल, फी भरायला आईने विकलेली बकरी असेल, त्याची स्वतःची हुशारी असेल. या सगळ्यांचं श्रेय काढून छडीला द्यायचं कारण काय? नेलकरंजीच्या मुलीने दहावीला नव्वद टक्के मिळवले होते. अशा मुलीला मारून आणखी काय घडवायचं होतं? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12 हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात तीनपैकी दोन मुलं शारीरिक मार खाल्ल्याचं सांगत होती, आणि घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी 88.6 टक्क्यांना मारणारे त्यांचे आईबापच होते. एवढा मार पिढ्यान्‌पिढ्या पडतो आहे. मारानेच माणसं घडत असती तर हा देश आतापर्यंत सद्गुणांनी ओसंडून वाहायला हवा होता.

तिसरं म्हणणं सगळ्यात जुनं आहे: घरातली गोष्ट घरात. महाराष्ट्राने हे एकदा मोठ्या आवाजात ऐकलं आहे. 1890 मध्ये बंगालमधली फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली आणि संमतिवयाचं विधेयक आलं, मुलीचं वय दहावरून बारा करणारं. सरकारने आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा करायची तर आमची आम्ही करू, अशी भूमिका टिळकांनी घेतली; आगरकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. 1891 मध्ये कायदा झाला. आज त्या वादात बारा वर्षांच्या मुलीच्या विरुद्ध उभं राहायला कुणी धजेल का? पुढे हीच भाषा बायकांच्या मारहाणीबद्दल वापरली गेली. नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, अशी म्हणच आपल्याकडे पडली होती. 1983 मध्ये दंड संहितेत कलम 498 अ आलं, 2005 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला. दोन्ही वेळा संसार मोडतील अशी ओरड झाली. दोन्ही वेळा दिसलं हेच की संसार आधीच मोडलेले होते, फक्त बाईला ते सांगायची सोय नव्हती. आता घराच्या उंबऱ्याआड अशी एकच व्यक्ती उरली आहे जिला मारणं आपल्याला बोलायच्या लायकीचं वाटत नाही. ती सगळ्यांत लहान आहे, पगार मिळवत नाही, मत देत नाही, आणि घर सोडून माहेरी जायचं म्हटलं तर तिला माहेर नाही.

या तिसऱ्या म्हणण्यातली विसंगती नेलकरंजीने उघडी पाडली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 सांगतं की शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही, मानसिक छळही करता येणार नाही. म्हणजे मुख्याध्यापकाने आठवीपर्यंतच्या कुठल्याही मुलावर हात उगारला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन जाब विचारतात, आणि ते बरोबर आहे. तोच माणूस संध्याकाळी घरी जातो. हात तोच आहे, समोर तेवढ्याच वयाचं लेकरू आहे, कारणही तेच, अभ्यास. मग दुपारचा गुन्हा संध्याकाळी संस्कार कसा होतो? दुसऱ्याच्या लेकराला मारायची बंदी आणि स्वतःच्या लेकराला मारायची मुभा, याचा अर्थ एवढाच निघतो की लेकरू ही मालमत्ता आहे. दुसऱ्याच्या मालाला हात लावू नये, आपल्या मालाचं आपण काहीही करावं. आपल्या म्हणींनी हे फार आधी ओळखलं होतं: आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. दोन्हीकडून कोंडलेलं लेकरू त्या म्हणीत आहे, आणि त्याची सुटका करायला तिसरं कुणीतरी लागणार हेही त्यातच आलं. स्वीडनने 1979 मध्ये घरातली मारहाणही कायद्याने बंद केली. त्यानंतर साठहून जास्त देश त्या वाटेने गेले, आणि 2018 मध्ये आपल्या उंबऱ्याशेजारचा नेपाळही. हे परदेशी खूळ म्हणणाऱ्यांनी निदान काठमांडूला परदेशी वातावरण म्हणू नये.

आता पुराव्याकडे येऊ, कारण बापाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात ठरलेला बचाव तिथे असतो: खेळताना पडलं. मुलं पडतातच. पण पडणाऱ्या मुलाला कुठे लागतं हे डॉक्टरांना माहीत असतं. गुडघे, नडगी, कोपर, कपाळ, हनुवटी, म्हणजे शरीराचा पुढचा आणि हाडाजवळचा भाग. पाठ, कुल्ले, मांडीची आतली बाजू, कानाची पाळी, दंडाचा वरचा भाग इथे पडून सहसा वळ उठत नाहीत. पट्ट्याचा मार दोन समांतर रेघा सोडतो, मधली जागा फिकट राहते. लेकराने स्वतः गरम पाण्यात पाय घातला तर ते तो झटक्याने बाहेर काढतं आणि भाजल्याच्या कडा वेड्यावाकड्या, शिंतोड्यांच्या असतात; कुणी धरून बुडवला असेल तर पायावर मोजा घातल्यासारखी सरळ कड दिसते. अमेरिकेत जॉन कॅफी नावाच्या क्ष-किरण तज्ज्ञाने 1946 मध्ये सहा बाळांच्या डोक्यातला रक्तस्राव आणि हातापायांची मोडलेली हाडं यांची नोंद एकत्र मांडली. 1962 मध्ये हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांचं निदान कसं करावं यावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी एक अप्रिय गोष्ट बोलून दाखवली: आईबाप असं करू शकतात हे डॉक्टरांनाच मान्य करवत नाही, म्हणून त्यांना समोरचं दिसत नाही. साठ वर्षांपूर्वी डेन्व्हरमध्ये जे खरं होतं ते आज आपल्या ग्रामीण रुग्णालयात खरं नाही का? केसपेपरवर ‘पडल्याने दुखापत’ लिहून पोराला मलमपट्टी करून घरी पाठवणं सोपं असतं. लैंगिक अत्याचार कळला तर तो न कळवणाऱ्याला 2012 च्या पॉक्सो कायद्याने शिक्षा आहे. पट्ट्याच्या समांतर रेघा पाहून डॉक्टर गप्प राहिला तर त्याला तशी कुठली भीती नाही. दोन्ही मुलं एकाच बाकावर बसलेली असतात, आणि एकाची जखम कळवणं कर्तव्य, दुसऱ्याची कळवणं डॉक्टरच्या मर्जीवर.

लेकरू शिकवलेलं बोलतं, हे म्हणणारे लेकराची साक्ष कशी होते हे कधी पाहायला गेलेले नसतात. सात-आठ वर्षांचं पोर पिंजऱ्याशी उभं केलं जातं. न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारतात: नाव काय, कितवीत आहेस, बाईंचं नाव काय, खोटं बोललं तर काय होतं. ही उत्तरं नीट आली, प्रश्न कळतो आणि उत्तर देता येतं अशी खात्री पटली, तरच साक्ष पुढे जाते. बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलण्याची जबाबदारी कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही असं वाटलं, तर शपथ न देताही साक्ष घेता येते. मग उलटतपासणी. आणि या सगळ्या वेळात चार हातांवर बाप उभा असतो, बाहेर व्हरांड्यात नातेवाईक थांबलेले असतात, आणि साक्ष संपल्यावर लेकराला बहुतेक वेळा त्यांच्याच बरोबर परत जायचं असतं. अशा जागी शिकवलं जातंच असेल तर ते कुणाच्या बाजूने? बापाविरुद्ध बोल म्हणून की बापाला सोडव म्हणून? सर्वोच्च न्यायालयाने 24 फेब्रुवारी 2025 रोजी मध्य प्रदेश सरकार विरुद्ध बलवीर सिंग या खटल्यात हा प्रश्न नीट तपासला. 2003 मध्ये बापाने आईचा जीव घेताना सात वर्षांच्या मुलीने पाहिलं होतं. उच्च न्यायालयाने तिच्या साक्षीवर विश्वास न ठेवता बापाला सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती साक्ष ग्राह्य धरली आणि त्याला पुन्हा दोषी ठरवलं. वय लहान म्हणून साक्ष फेकून देता येत नाही. लेकराला पढवलं असा आरोप असेल तर तो नुसता करून भागत नाही, तसं दिसलंही पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे ‘मुलं काय, शिकवाल तसं बोलतात’ हे वाक्य आता पारावरच चालेल, कोर्टात नाही.

साक्षीदार लेकराला आरोपीपासून दूर बसवण्याची सोयही महाराष्ट्राच्याच खटल्यांतून आली आहे. बंडू ऊर्फ दौलत याच्या विरुद्धच्या महाराष्ट्र सरकारच्या खटल्यात 2017 मध्ये आणि स्मृती बडदे यांच्या प्रकरणात 11 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारायला सांगितलं. दुसऱ्या आदेशात तर प्रत्येक जिल्ह्यात किमान एक कायमचं केंद्र चार महिन्यांत हवं असं म्हटलं होतं. पण केंद्र म्हणजे नुसती खोली आणि दारावरची पाटी नव्हे. लेकराला आधी कोर्ट दाखवणारं, वेळेवर पाणी देणारं, तारीख पुढे गेली तर का गेली ते सांगणारं माणूस तिथे असलं पाहिजे. हिंगोलीच्या वकिलांनी आणि पत्रकारांनी पालकांच्या हेतूवर चर्चा करण्यापेक्षा हे माणूस आपल्या कोर्टात रोज हजर असतं का, हे विचारायला हवं.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप: कोर्टात गेलं की घर मोडतं, सरकार मुलं ओढून नेतं. इथे लोक लगेच नॉर्वेचं नाव घेतात. 2011 मध्ये स्टाव्हेंगरच्या एका बंगाली जोडप्याची दोन मुलं बालकल्याण खात्याने नेली, त्यावर 2023 मध्ये सिनेमाही आला आणि तो पाहून पुष्कळांचे डोळे भरून आले. त्याच नॉर्वेत डिसेंबर 2012 मध्ये दुसऱ्या एका भारतीय जोडप्याला ओस्लोच्या कोर्टाने शिक्षा केली, बापाला 18 महिने, आईला 15. सात वर्षांच्या मुलाला पट्ट्याने मारल्याचे, चटके दिल्याचे ते आरोप होते. तेव्हाही आपल्याकडे आईबापाच्या सुटकेसाठी धावाधाव झाली. त्या मुलाच्या अंगावरच्या खुणांबद्दल किती जणांनी लिहिलं? बर्लिनमधल्या गुजराती जोडप्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मी टाळणार नाही. सप्टेंबर 2021 मध्ये सात महिन्यांची मुलगी काढून घेतली, आईबापांवरचा फौजदारी तपास पुढच्या वर्षी आरोपपत्राविना बंद झाला, तरी जून 2023 मध्ये तिथल्या कोर्टाने मुलगी सरकारी ताब्यातच ठेवली. राज्ययंत्रणा अशी ताठ आणि निर्दय वागू शकते. पण त्यातून धडा कुठला घ्यायचा? यंत्रणेवर देखरेख करणारं कोर्ट अधिक सावध हवं, हा. लेकरावर कोर्टाची नजरच नको, हा नव्हे. आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्याने तर कुटुंबातच मूल वाढावं आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय असावा, हे तत्त्व म्हणूनच लिहून ठेवलं आहे. बालकल्याण समिती मुलाला आजी-आजोबांकडे, मामाकडे देऊ शकते, आईबापांना समुपदेशनाला पाठवू शकते, महिन्या-महिन्याने घरी भेट द्यायला सांगू शकते. मोडतोड करायची इच्छा असती तर कायद्याने एवढे रस्ते कशाला ठेवले असते?

खरी भीती उलट बाजूला आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम 75 ने ताब्यातल्या मुलाला मारणं, छळणं, त्याच्याकडे दुर्लक्ष करणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा केला आहे. 2021 मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि 1 सप्टेंबर 2022 पासून ती लागू झाली. त्यानंतर या कायद्यातले सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले. म्हणजे शेजारीण पट्ट्याचे वळ उठलेल्या पोराला घेऊन ठाण्यात गेली, तर फक्त या कलमाखाली पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकत नाहीत. आधी मॅजिस्ट्रेटचा आदेश आणावा लागतो. मोटारसायकल चोरीला गेली तर पोलीस लगेच नोंद करतात. लेकराला मारलं तर शेजारणीला कोर्टात हेलपाटे. हे उलटं आहे, आणि जे म्हणतात की कायदा आईबापांच्या मागे हात धुऊन लागला आहे, त्यांनी एकदा हे कलम वाचावं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. न्याय संहितेच्या कलम 27 मधून मारहाण वगळावी. कलम 75 पुन्हा दखलपात्र करावं. दवाखान्यात, अंगणवाडीत, शाळेत मारहाणीच्या खुणा दिसल्या तर कळवणं पॉक्सोसारखंच बंधनकारक असावं, आणि मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर आलेल्या फोनचं पुढे काय झालं हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दर तीन महिन्यांनी जाहीर करावं. प्रत्येक सुनावणीत लेकराच्या वतीने बोलणारा वकील असावा, आईच्या बाजूचा नाही, बापाच्या बाजूचा नाही, फक्त लेकराचा. आणि कोर्टात आईबापांच्या तळमळीवर बोलायचंच असेल, तर तेही बोलावं. बाप कर्जात बुडालेला होता, क्लासची फी भरून कावला होता, त्याला स्वतःला लहानपणी असाच मार पडला होता, हे सगळं न्यायाधीशाने ऐकून घ्यावं. पण ते ऐकायची जागा शिक्षा किती द्यायची या टप्प्यावर आहे. गुन्हा झाला की नाही, हे ठरवताना समोर फक्त लेकराचं शरीर असावं, त्याची साक्ष असावी आणि डॉक्टरचा कागद असावा. बापाच्या प्रेमाला त्या टेबलावर जागा नाही.